हात कुणाला करायचा?

सोलापुरात होटगी रोड भागात राहणारा २८ वर्षांचा एक तरुण औषध कंपनीत एमआर, म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी आहे. अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, मंगळवेढा अशी त्याची फिरती असते. १२५ सीसीच्या गाडीवर महिन्याला दोनेक हजार किलोमीटर होतात. वर्षभरापूर्वी तो रविवारी पहाटे निघणाऱ्या एका रायडिंग ग्रुपमध्ये जाऊ लागला. समोरून येणाऱ्या रायडरला हात करायचा, ही रीत त्याला तिथं कळली आणि फार आवडली. एका रविवारी मित्रानं आपली ३५० सीसीची गाडी चालवायला दिली. त्या दिवशी नळदुर्गला जाऊन येईपर्यंत ११ जणांनी त्याला हात केला. पुढच्या रविवारी तो स्वतःच्या गाडीवर त्याच रस्त्यानं गेला. यानं दिसेल त्या प्रत्येक रायडरला हात केला, उत्तर दोघांचं आलं. मग ग्रुपच्या म्होरक्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, की दूधवाले, डिलिव्हरीवाले, मोपेडवाले यांना हात करत बसू नका, ‘आपल्या हाताला किंमत राहत नाही’. महिन्याभरापूर्वी ग्रुपबरोबर शहरात परत शिरताना समोरून त्याच्या गल्लीतले एक काका मोपेडवर टॉवेलचं बोचकं घेऊन आले. त्यांनी याची गाडी ओळखून हात केला. म्होरक्या याच्या मागंच होता. यानं सरळ समोर बघितलं आणि गाडी पुढं काढली. हे काका आणि याचे वडील एकाच कारखान्यात मागावर काम करायचे. तरुणाचे प्रश्न तीन आहेत. दोन लाखांचं कर्ज काढून मोठी गाडी घ्यावी का? ग्रुप सोडावा का? आणि उत्तरच मिळत नसेल तर हात करणं बंद करावं का?

*

तुझं पत्र वाचलं, ठेवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. तू मला ताई म्हटलं आहेस, म्हणून मी तुला ‘तू’च म्हणते. प्रश्न तू तीन विचारलेस. पण कर्जावर तुझ्या चार ओळी आहेत, ग्रुपवर दहा-बारा, आणि काकांवर जवळजवळ पानभर मजकूर आहे. काकांबद्दल प्रश्न मात्र एकही नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी हात करण्याबद्दल बोलू.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. शाळेच्या सुट्टीत कधी त्यांच्या गाडीतून जायला मिळालं, की मी अगदी पुढं, त्यांच्या मागच्या जाळीला नाक लावून बसायची. समोरून लाल गाडी आली की बाबांचा उजवा हात खिडकीतून बाहेर यायचा, आणि समोरच्या खिडकीतूनही एक हात यायचा. एकदा मी विचारलं, “ओळखीचे होते का?” बाबा म्हणाले, “नाही गं. मी त्याला दिसलो आणि तो मला दिसला, एवढं कळलं.” रात्रीच्या गाडीला तर ते समोरच्याच्या डिपरची वाटच बघायचे. त्यानं लाइट खाली केला, म्हणजे माणूस जागा आहे. नाही केला, की बाबा वेग कमी करून गाडी डाव्या अंगाला दाबायचे आणि तो पुढं जाईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. हात करणं म्हणजे काय ते मला त्या जाळीमागं कळलं. तू मला दिसलास, मी तुला दिसलो का?

मोटरसायकलवाल्यांची रीतही मुळात तीच असणार. अमेरिकेत एक गोष्ट सांगतात, की १९०४ साली विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन रस्त्यात समोरासमोर आले, त्यांनी एकमेकांना हात केला, आणि बघणाऱ्यांनी ती पद्धतच मानली. ही दंतकथा आहे. पण त्या काळात मोटरसायकली मोजक्या होत्या, रस्ते कच्चे होते आणि गाडी कुठं बंद पडेल याचा नेम नव्हता. समोरून आपल्यासारखाच एक जण येताना दिसला, की धीर यायचा हे उघड आहे.

आता तुझ्या ११ आणि २ या आकड्यांकडे बघू. तू त्यांतून सरळ असा अर्थ काढलास, की लोकांनी गाडी बघून हात केला आणि गाडी बघूनच हात राखून ठेवला. थोडं थांब. अमेरिकेत, युरोपातल्या बहुतेक देशांत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. समोरचा माणूस तिथं आपल्या डाव्या हाताला असतो. डावा हात क्लचवरचा, तो काढता येतो. म्हणून तिथं डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवायची पद्धत रुळली. आपण डावीकडून चालतो, त्यामुळं समोरचा आपल्या उजव्या हाताला येतो, आणि उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. तो हात सोडला तर गाडी सोडल्यासारखंच. माझ्या बाबांची गोष्ट वेगळी होती, ते स्टिअरिंग डाव्या हातानं धरून उजवा खिडकीतून काढू शकत. ब्रिटनमध्येही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, आणि तिथले रायडर म्हणूनच हात कमी करतात, मान हलवतात. फ्रान्समध्ये पुढं काढायला वाट देणाऱ्याचे आभार मानायला रायडर उजवा पाय बाहेर काढतात, कारण उजवा हात मोकळा नसतो. हे सगळे लोक मानी आहेत की प्रेमळ, हा प्रश्नच नाही. कुठला हात मोकळा आहे, एवढंच त्यात आहे.

शिवाय वेळ किती असतो बघ. तू ताशी ६० नं चाललास आणि समोरचाही ६० नं, तर तुमच्यातलं अंतर सेकंदाला ३३ मीटरनं कमी होतं. शंभर मीटरवर तू त्याला दिसलास तर तीन सेकंदांत तू त्याच्या मागं गेलेला असतोस. तेवढ्यात त्याला खड्डा बघायचा असतो, मागून येणारा कंटेनर आरशात बघायचा असतो. नळदुर्गला जाणारा हैदराबाद रस्ता चौपदरी, मधे दुभाजक, त्यावर झाडं. नळदुर्गहून परतताना दुपारचं ऊन हेल्मेटच्या काचेवर असेल तर समोरचा हात वर आहे की नाही हे दिसतही नाही. त्या दुसऱ्या रविवारी ज्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांतल्या काहींनी नुसती मान हलवली असेल आणि ती तुला दिसली नसेल. काहींना तूच दिसला नसशील.

पण सगळं उन्हावर आणि दुभाजकावर ढकलून मी तुझी समजूत घालणार नाही. गाडी बघून हात करणारे लोक आहेत. मोठ्या गाडीवाल्यानं छोट्या गाडीवाल्याला आणि मोटरसायकलवाल्यानं स्कूटरवाल्याला मोजायचं नाही, हा प्रकार आपल्याकडंच नाही, बाहेरच्या देशांतही चालतो. तुला वाईट वाटलं ते खरंच आहे. फक्त ते वाईट वाटणं ११ वजा २ बरोबर ९ एवढं मोठं धरू नकोस.

मला जास्त खटकलं ते तुझं एक वाक्य. तू लिहिलंस, “मी काही खरा रायडर नाही, मी कामासाठी फिरतो.” हे कुणी शिकवलं तुला? महिन्याला दोन हजार म्हणजे वर्षाला चोवीस हजार किलोमीटर होतात. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर धरलं तर तू वर्षात पुण्याला ४८ वेळा जाऊन येतोस. मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना दुपारी दोनला मंगळवेढ्याच्या डॉक्टरकडं पोचतोस. पावसाळ्यात बॅगेतली सॅम्पलं भिजू नयेत म्हणून स्वतःचा रेनकोट बॅगेला घालतोस, हेही तूच लिहिलं आहेस. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात मागं लाल दिवा नसताना कसा समोर येतो, हे रविवारी सकाळी निघून नाष्ट्याला परत येणाऱ्याला तेवढं कळणार नाही. तुझ्या म्होरक्याची गाडी मोठी असेल, त्याचा अनुभवही असेल. पण रस्ता कुणाला जास्त माहीत आहे, हे इंजिनाच्या सीसीवर ठरत नाही. आणि याच न्यायानं पहाटे चारला कॅन लावून निघणारा दूधवाला तुम्हा दोघांच्याही पुढं आहे.

२०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले साडेचव्वेचाळीस टक्के लोक दुचाकीवरचे होते. यात मोठी गाडी आणि छोटी गाडी असा हिशेब कुणी मांडत नाही. दुचाकी समोरच्याला दिसत नाही, हे मोठं दुखणं आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही आपोआप चालू राहतो तो याचसाठी, की हा माणूस समोरच्याला दिसावा. सरकारनं दिव्यानं जे सांगायला लावलं, तेच आपण हातानं सांगतो. म्हणून ‘दूधवाल्याला हात करू नका’ हे वाक्य मला इतकं टोचतं. त्याचा अर्थ ‘दूधवाला तुम्हाला दिसला तरी दिसला नाही असं वागा’ असा होतो.

आता म्होरक्याची बाजूही बघू, कारण त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. आपल्या सात रस्ता चौकात संध्याकाळी सहा वाजता उभं राहिलं तर सिग्नलच्या एका फेरीत किती दुचाक्या जातात? तिथं सगळ्यांना हात करायचा म्हटलं तर घरी जायला रात्र होईल. आणि प्रत्येक रिवाजाला एक रिंगण असतं. माझे बाबाही ट्रकला, खासगी गाडीला हात करायचे नाहीत, लाल गाडीलाच करायचे. मग तुमच्या ग्रुपनं आपलं रिंगण आखलं तर बिघडलं काय?

मी यावर बराच वेळ विचार केला. फरक मला दिसतो तो असा. बाबांचं रिंगण कामानं आखलेलं होतं. तोच रस्ता, तीच रात्र, गाडी बंद पडली तर तोच डेपो. त्यात कुणाची गाडी नवी आणि कुणाची खिळखिळी हे बघितलं जात नव्हतं. दुचाकीचं रिंगण त्याच पद्धतीनं आखायचं तर ते दोन चाकांवर, अंगाभोवती पत्रा नसलेल्या प्रत्येकाला आत घेतं. वाळूवरून चाक सगळ्यांचंच सरकतं आणि सोयाबीन वाळत घातलेल्या रस्त्यावर सगळेच घसरतात. म्होरक्यानं आखलेलं रिंगण गाडीच्या किमतीवर आहे. ते शोरूममधे ठीक, रस्त्यावर त्याचा काय उपयोग?

आणि म्होरक्या ‘हाताला किंमत राहत नाही’ म्हणतो तर, आपण पंढरपूरच्या जिल्ह्यातली माणसं. वारीत एक जण दुसऱ्याला ‘माऊली’ म्हणून वाकतो, तेव्हा तो वयानं लहान की मोठा, मालक की मजूर, हे विचारून वाकत नाही. लाखो लोक एकमेकांच्या पाया पडतात म्हणून त्या नमस्काराची किंमत उतरलेली मी तरी ऐकलेली नाही. सोलापुरात आपण अर्धं मराठी, अर्धं कन्नड, अधूनमधून तेलुगू बोलत वाढलो. “काय करलालास बे?” हे आपण ज्याला म्हणतो, तो कुठल्या पेठेतला हे विचारून म्हणत नाही. तुझ्या ग्रुपमधेही हे सगळं मुरलेलं असणारच. मोठ्या गाडीच्या नादात थोडं मागं पडलं असेल.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम काढला आहे, तो तुला पटतो का बघ. आपण होऊन हात कुणाला करायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्याला सक्ती नको. पण कुणी आपल्याला हात केला, तर उत्तर द्यायचं. गाडी सांभाळण्यात अडकलो असलो तर गोष्ट वेगळी, एरवी मान तरी हलवायची. सुरुवात ऐच्छिक, उत्तर मात्र देणं लागतो. या एका नियमानं तुमच्या ग्रुपचा प्रश्न बराचसा सुटेल. म्होरक्याला सगळ्या मोपेडवाल्यांना हात करत बसायचं नसेल, नको करू दे. मोपेडवाल्यानं केला तर तोंड फिरवायचं नाही, एवढंच मान्य करायला सांग.

सांगायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र नको. तिथं चाळीस जणांसमोर त्याला आपलं म्हणणं सोडता येणार नाही, आणि मग अंगठे आणि हसरे चेहरे मोजत बसाल. पुढच्या राइडला चहाला थांबाल तेव्हा त्याला बाजूला घे. ‘तुम्ही चुकलात’ म्हणून सुरुवात करू नकोस, तू काय केलंस ते सांग. “तुमचा मेसेज डोक्यात होता म्हणून मी माझ्या वडिलांच्या जोडीदाराला ओळख दाखवली नाही, आणि मला तेव्हापासून बरं वाटत नाहीये.” हे ऐकून जो माणूस विचारात पडेल, त्याच्याबरोबर फिरायला हरकत नाही. जो हसेल किंवा “सोड ना यार” म्हणेल, त्याच्याबद्दलही तुला कळेल. आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. मेसेज एकानं लिहिला, आणि बाकीचे गप्प राहिले. गप्प राहिलेल्यांना तू म्होरक्याच्या बाजूला मोजलंस. तूही गप्पच होतास ना? त्यांच्यातही तुझ्यासारखे दोन-चार असणार. ग्रुप आज सोडू नकोस. बोल, दोन-तीन राइड बघ. तरीही मागं कोण आहे हे आरशात बघून हात करायचा की नाही ते ठरवावं लागत असेल, तर खुशाल सोड. नळदुर्गचा किल्ला एकट्यालाही बघता येतो, हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात तेही ग्रुप बघून येत नाहीत.

कर्जाचं थोडक्यात सांगते. दोन लाख रुपये तीन वर्षांसाठी काढलेस तर बाजारातल्या सध्याच्या व्याजानं हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास बसेल, म्हणजे फेडताना दोन लाख चौतीस हजारांच्या घरात जाशील. त्यात पेट्रोल. तुझी आत्ताची गाडी ५५ चं अ‍ॅव्हरेज देते असं तू लिहिलंस. ३५० ची गाडी ३५ देईल असं धरलं तर महिन्याला साधारण २१ लिटर पेट्रोल जास्त लागेल, म्हणजे दोन हजारांहून जास्त खर्च. कंपनी भत्ता गाडी बघून वाढवत नाही. वजनाचाही विचार कर. तुझी गाडी ११५-१२० किलोची, ती गाडी १८०-१९५ किलोची. दिवसातून दहा दवाखान्यांपुढं ती स्टँडवर लावायची आणि नवी पेठेच्या गर्दीतून काढायची. तरीही ती गाडी चालवताना तुला मनापासून आनंद झाला असेल, तर जरूर घे, हौसेला हिशेब लावायचा नसतो. फक्त एक कर. मित्राची गाडी या वेळी रविवारी न मागता कामाच्या दिवशी माग आणि अख्खी अक्कलकोट लाइन तिच्यावर कर. संध्याकाळी घरी आल्यावरही हवीशी वाटली, तर मग विचार कर. त्या दिवशी किती जणांनी हात केला ते मात्र मोजायचं नाही.

तिसरा प्रश्न, हात करणं बंद करावं का. नको करू बंद. पण करण्याची पद्धत बदल. आपल्या रस्त्यावर मान हलवणं सगळ्यात बरं, दोन्ही हात हँडलवर राहतात आणि समोरच्याला हेल्मेट हललेलं दिसतं. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डाव्या हाताची दोन बोटं हँडलवरूनच उचलली तरी पुरतात. वळणावर, घाटात, ओव्हरटेक करताना, पावसात काहीच करायचं नाही, आणि समोरच्यानं तिथं उत्तर दिलं नाही तर मनात धरायचं नाही. शहरात सोडून दे. बार्शी-वैरागच्या बाजूच्या साध्या रस्त्यांवर, जिथं मैलभर माणूस दिसत नाही, तिथं जो दिसेल त्याला मान हलव.

हाताचे आणखीही उपयोग आहेत, आणि ते तू तुझ्या लाइनवरच्या इतर एमआरनाही सांग. तू मागं टाकलेल्या रस्त्यावर उसाची ट्रॉली आडवी असेल, डांबर उखडलेलं असेल, जनावरं रस्त्यात असतील, तर समोरून येणाऱ्याला डावा हात बाजूला काढून तळवा खाली धरून दोन-तीनदा दाबल्यासारखा हलवायचा. हळू घे, एवढं त्यातून कळतं. हे आपले ट्रकवाले, एसटीवाले वर्षानुवर्षं करत आलेत. बाबांच्या हातापेक्षा मला त्यांची ही सूचना जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यानं एखाद्याचा जीव वाचू शकतो.

आणि रस्त्याच्या कडेला कुणी गाडी आडवी लावून उभा असेल, तर वेग कमी कर आणि लांबूनच अंगठा वर करून ‘सगळं ठीक ना?’ असं खुणेनं विचार. त्यानंही अंगठा दाखवला तर पुढं जा. नाही दाखवला तर थांब. बॅगेत ट्यूबलेस पंक्चरचं किट, प्लगचा पाना, पाण्याची जादा बाटली ठेव. रात्री आणि निर्जन जागी एकट्यानं थांबायला मी सांगणार नाही. पुढच्या ढाब्यावर किंवा टोल नाक्यावर जाऊन तिथल्या माणसांना सांग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला फोन कर. अपघात असेल तर १०८ किंवा ११२. जखमीला मदत केली तर पोलिसांचं झेंगट मागं लागेल ही भीती आपल्याकडं अजून आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं आहे. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव-पत्ता सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. हे तुमच्या ग्रुपवर टाक, तिथं हा मेसेज जास्त शोभेल.

हे वाचणाऱ्या मुलग्यांना एक सांगायचं राहिलं. समोरून स्कूटरवर बाई आली तर तिलाही तेवढीच मान हलवा, जेवढी पुरुषाला हलवाल, आणि पुढं निघा. वळून बघणं, वेग कमी करून बरोबरीनं येणं, तिनं उत्तर दिलं नाही म्हणून पुन्हा हात करणं, हे अभिवादन राहत नाही. तिच्याकडून उत्तराची अपेक्षाही ठेवू नका. तिचा आजवरचा अनुभव काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. मघाचा ‘उत्तर देणं लागतो’ हा माझा नियम तिला लागू नाही.

आता काका.

तू लिहिलंस, की त्यानंतर ते गल्लीत दोनदा दिसले आणि नेहमीसारखंच बोलले, म्हणजे बहुतेक त्यांच्या लक्षातही नसेल. मग त्यांना आठवण करून देऊन कशाला दुखवायचं, असं तुझ्या मनात येतं. हा विचार सोयीचा आहे, म्हणून मला तो पटत नाही. वीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाची नजर एका धाग्यावर असते, तुटलेला धागा त्याला लांबून दिसतो. तू तोंड फिरवलंस ते त्यांना दिसलं असणार. ते काही बोलले नाहीत, कारण तू त्यांच्या जोडीदाराचा मुलगा आहेस. आणि समजा नसेलही दिसलं, तरी तुला महिनाभर खुपतंय ते तसंच राहणार.

त्यांच्या घरी जा. मिठाईचा पुडा नेऊ नकोस, त्यानं ते अवघडतील. हेल्मेट होतं, ऊन होतं, मागं गाड्या होत्या, यातलं काही सांगू नकोस. मी तुला वर जी कारणं दिली ती इतरांना माफ करण्यासाठी आहेत, स्वतःला सोडवून घेण्यासाठी नाहीत. एवढंच सांग, “काका, त्या रविवारी तुम्ही हात केला तो मी बघितला होता. तरी मी बघितलं नाही असं केलं. माझं चुकलं.” ते म्हणतील, “अरे कधी? मला काय आठवत नाही बे.” म्हणू दे. वाद घालू नकोस, चहा केला तर पी. वडिलांच्या आठवणी निघाल्या तर ऐकत बस. उन्हाळ्यात दुपारी ते टॉवेल पोचवायला निघतात असं तू लिहिलं आहेस. बोचकं जड असेल, तर कधी एखादी फेरी मी मारू का, असं त्यांना विचार. पण तेही त्याच दिवशी नको, पुन्हा कधीतरी विचार, नाहीतर भरपाई केल्यासारखं होईल.

या रविवारी राइडला गेलास तर परत आल्यावर जा. जॅकेट घरी काढून ठेव. गाडी मात्र तुझीच ने. एवढ्या गाड्यांच्या रांगेत त्यांनी तुला ओळखलं ते तिच्यामुळं.